एका दमात अकरा

आमच्या वॉर्डात फुफ्फुसं तपासायचं पहिलं यंत्र म्हणजे जिना. पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट फक्त स्ट्रेचरसाठी आणि माझं टेबल जिन्याच्या तोंडाशी. बावीस वर्षं मी त्या टेबलावर बसले. वर येणारा माणूस शेवटच्या पायरीवर काय करतो ते बघायचं. कुणी पोचता पोचता "नमस्कार सिस्टर" म्हणायचा. कुणी कठडा धरून नुसतं बोट वर करायचा, म्हणजे थांबा, आधी श्वास घेऊ द्या, मग बोलतो. या दुसऱ्या जातीच्या माणसाचं नाव मी तेव्हाच मनात वेगळं लिहून ठेवत असे.

आता बोटाला चिमटा लावतात आणि आकडा दिसतो. चांगलं आहे, मला त्याचा राग नाही. पण आमच्याकडे फुंकायचं मोठं यंत्र चार तासांवरच्या शहरात होतं आणि तिथला नंबर सहा आठवड्यांनी लागायचा. तेवढ्यात माणूस बरा तरी व्हायचा नाहीतर जायचा तरी. म्हणून आम्ही काडेपेटी, घड्याळ आणि कान यांच्यावर भागवत होतो. मी एक कागद तयार केला होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी प्रत्येकाचा तो भरायचा: जिना कसा चढला, एका दमात कुठवर आकडे मोजले, श्वास किती सेकंद रोखला, पेटती काडी विझवली का, खोकला कोरडा की ओला. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आठवड्यातून दोनदा यायच्या आणि त्या कागदावर विसंबून राहायच्या. पेशंट त्यांना मागे भूलबाई म्हणायचे. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. बाई दम बघायच्याही आणि दम द्यायच्याही.

तर त्या दिवशी सकाळी एक मापाडी आला. धान्याच्या बाजारात ढिगाशी बसून लाकडी मापानं धान्य मोजून देणारा. वय साठीच्या आतबाहेर, अंगानं काटक, भुवयांत धूळ बसलेली. आंघोळ करून आला होता तरी ती तिथेच होती, जणू जन्मापासूनची. उजव्या जांघेत हर्निया, चांगला लिंबाएवढा. पंधरा दिवसांपूर्वी तो एकदा अडकला होता. मोठ्या डॉक्टरांनी अर्धा तास खटपट करून आत ढकलला आणि सांगितलं, पुन्हा अडकला तर मी ढकलू शकेन असं नाही. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं होतं. त्यानंतर मोठे डॉक्टर तीन आठवडे रजेवर जाणार होते. म्हणजे उद्या नाही तर तीन आठवडे वाट बघायची, जांघेत ती गाठ घेऊन.

मामा, सगळा वॉर्ड त्यांना तासाभरात मामा म्हणायला लागला, ते मामा जिना चढून आले ते बोलतच. खालच्या पायरीपासून त्यांचा आवाज येत होता. एका काखेत वळकटी, दुसऱ्या हातात डबा, मागून मामी.

"अगं, मी धरतो म्हटलं ना. तुझे गुडघे सांभाळ. नमस्कार सिस्टर, आम्ही आलो. कुठली खाट? खिडकीजवळची मिळाली तर बरं, नाही मिळाली तरी काही नाही, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"ओझं उचलायला तुम्हाला मनाई आहे ना?" मी विचारलं.

"हे ओझं नाही हो, वळकटी आहे."

"ऐकतील तर शपथ," मामी मागून म्हणाल्या. त्या मधल्या वळणावर थांबल्या होत्या. दम त्यांना लागला होता, मामांना नाही. हे मी नोंदवून ठेवलं.

खाट दिली, कपडे बदलायला दिले आणि दुपारी काय काय होईल ते सांगितलं. तपासणी म्हटली की माणसं बावरतात. आकडे मोजायला सांगितले की शाळेतल्या मास्तरांसमोर उभं केल्यासारखे धडाधड म्हणतात नाहीतर मध्येच विसरतात. म्हणून सगळ्यांना सांगायचं माझं एक वाक्य ठरलेलं होतं. ते मी मामांनाही सांगितलं. "घाबरायचं नाही. मोठा श्वास घ्यायचा आणि एका दमात, रोज मोजता तसं मोजायचं."

"त्यात काय घाबरायचं," मामा म्हणाले. "जन्म मोजण्यात गेला."

दुपारी मेट्रनबाईंकडे बैठक होती, मी दोन तास खाली होते. वर आले तर मामी माझ्या टेबलाशी उभ्या. हातात तीच वळकटी, पुन्हा बांधलेली.

"सिस्टर, आम्हाला घरी जायला सांगितलंय," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता, पण वळकटीची दोरी त्या बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. "ऑपरेशन होणार नाही म्हणे. छाती कमजोर आहे. शहरात जाऊन यंत्रावर फुंकून या म्हणाले. तोवर परत अडकलं तर काय करायचं, ते कुणी सांगेना."

मी कागद काढला. अक्षर नव्या डॉक्टरांचं. मुलगा हुशार होता, येऊन महिना झाला होता आणि त्या दुपारी एकट्यानं अकरा पेशंट बघत होता. कागदावर लिहिलं होतं: एका दमात आकडे, ११. छातीत खालच्या बाजूला शिट्टीसारखा आवाज. वर्षानुवर्षं धान्याच्या धुळीत काम. फुफ्फुसं कमजोर, भूल धोक्याची. पुढच्या रकान्यांत रेघ मारलेली. खाली भूलबाईंची सही, आणि उद्याच्या यादीत मामांच्या नावावर लाल रेघ.

कागद म्हणून त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. निरोगी माणूस एका दमात तीस-चाळीसपर्यंत आरामात जातो. पंधराच्या आत राहिला तर समजायचं की हवा पुरत नाही. आणि धान्याच्या धुळीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचे अकरा आले तर कुणाला नवल वाटावं? पण मला जिना दिसत होता. अकराला दम संपणारा माणूस काखेत वळकटी घेऊन, बायकोला गुडघ्यांबद्दल उपदेश करत, बेचाळीस पायऱ्या चढत नाही. दोघांपैकी एक खोटं होतं, आणि जिना खोटं बोलत नाही हे मला ठाऊक होतं.

मामा खाटेवर पाय खाली सोडून बसले होते. घरचे कपडे घालून तयार.

"मामा, एवढ्यात चाललात?"

"नापास झालो, सिस्टर."

"पुन्हा मोजून दाखवा बघू. सकाळी सांगितलं होतं तसं."

त्यांनी पाठ सरळ केली. उजवा हात मांडीवर आला, बोटं वळली, जणू मापाचा काठ धरला आहे. छाती भरून श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं.

"लाभ लाभ लाभ लाभ, दोन दोन दोन दोन, तीन तीन तीन तीन, चार चार चार चार..."

शेजारच्या खाटेवरचा ड्रायव्हर कोपरावर उठून बसला. "मामा, आमचंही एक पोतं घ्या मापून," तो म्हणाला. मामांनी लक्ष दिलं नाही. हात प्रत्येक आकड्याला एकदा पालथा होत होता. अकराचा चौथा अकरा म्हटला आणि ते थांबले, श्वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"अकरा," ते म्हणाले. "दुपारीही अकराच आले होते. मी खोटं सांगत नाही."

मी खाटेच्या कडेवर बसले. पेशंटच्या खाटेवर बसायची मला सवय नव्हती, पण बसले.

"प्रत्येक आकडा चारदा का म्हणता?"

"मग? माप भरायला वेळ लागतो की. आकडा तोंडात धरून ठेवायचा असतो. माप भरलं, वरून हात फिरवला, ओतलं, मग सोडायचा. आधी सोडला की गेला. देणारा म्हणणार बारा झाले, घेणारा म्हणणार अकरा, आणि मध्ये जाणार मापाड्याची अब्रू."

"आणि एकाला लाभ?"

"पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, शकुन म्हणून लाभ म्हणतात. तुम्हीच म्हणालात ना, रोज मोजता तसं मोजा."

"म्हणाले खरी," मी म्हटलं.

माझंच वाक्य. बावीस वर्षांत शेकडो लोकांना सांगितलेलं. कारकून, शिंपी, गवंडी, सगळे आपले एक दोन तीन म्हणून मोकळे झाले होते. रोज मोजण्यालाच ज्याचं पोट बांधलेलं आहे असा माणूस त्यात पहिल्यांदा आला आणि त्यानं माझं वाक्य शब्दशः पाळलं.

"डॉक्टरांनी ऐकलं नाही का तुमचं मोजणं?"

"त्यांना पलीकडे बोलावलं हो, कुणाला तरी उलटी झाली. जाताना म्हणाले, एका दमात मोजा आणि कितीपर्यंत गेलात ते सांगा. आल्यावर मी सांगितलं."

भूलबाई ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या खोलीत चहा घेत होत्या. नवे डॉक्टर समोर उभे राहून दुसऱ्या दिवसाची यादी वाचून दाखवत होते. मी आत गेले आणि मामांचा कागद बशीशेजारी ठेवला.

"हे झालंय," बाई म्हणाल्या. "अकरा आहेत."

"अकरा चोक चव्वेचाळीस," मी म्हटलं.

बाईंनी कप खाली ठेवला. "सिस्टर, मला पाढे येतात."

मग मी सांगितलं. मामा कसे मोजतात, का मोजतात आणि त्यांना तसं मोजायला सांगणारी मी होते. नव्या डॉक्टरांचे कान लाल झाले. त्यांना वाटलं मी त्यांची तक्रार घेऊन आले आहे. मी म्हटलं, "डॉक्टर, त्यांनी सांगितलं तेच तुम्ही लिहिलंत. वाक्य माझं होतं."

"पण शिट्टी ऐकू आली मला," ते म्हणाले. "छातीत. ती काही मी कल्पनेनं लिहिली नाही."

"असेलच शिट्टी," बाई म्हणाल्या. "चाळीस वर्षांची धूळ कुठे जाणार? प्रश्न शिट्टी आहे का हा नाही, हवा किती आहे हा आहे. आणि सिस्टर, तुम्हाला इतकी खात्री कशावरून? कागद एक सांगतो, तुम्ही एक सांगता."

"कागद जिना चढून आला नाही, मॅडम. माणूस आला."

बाईंनी चष्मा काढला. त्या हसायच्या नाहीत, पण चष्मा काढून पुसायच्या, आणि आम्ही ते हसणं समजायचो. चष्मा पुसून झाला. "दहा मिनिटं," त्या म्हणाल्या. "काडेपेटी आणा."

आम्ही तिघं वॉर्डात गेलो. पंखा बंद केला, मामांच्या बाजूच्या खिडक्या लावल्या. दोन खाटांपलीकडचा ऑक्सिजनचा सिलिंडर बाहेर व्हरांड्यात नेला आणि वॉर्डाचं दार ओढून घेतलं. त्याशिवाय काडी पेटवायची नाही, हा माझा नियम होता. मामी भिंतीशी उभ्या राहिल्या.

आधी आकडे. "प्रत्येक आकडा एकदाच," बाईंनी बजावलं. "आणि एकाला एकच म्हणायचं."

मामा तयार झाले. "एक, दोन, तीन तीन..." थांबले. "चुकलं."

"पुन्हा."

"एक, दोन, तीन, चार, पाच पाच..."

"अहो, एकदा म्हटला तरी पळून जात नाही तो," मामी भिंतीकडून म्हणाल्या.

"तुला काय कळतंय. एकदाच म्हटलेला आकडा खरा कसा धरायचा?"

"इथे धान्य कुठंय? हवाच मोजायचीय ना? मग म्हणा आणि सोडून द्या."

तिसऱ्या वेळी मामींनी जवळ येऊन त्यांचा उजवा हात आपल्या हातात धरून ठेवला. हात पालथा होईना तसे आकडेही दुमडेनात. वीस गेले, पंचवीस गेले. एकोणतीसला आवाज बारीक झाला, चौतीसला संपला. नवे डॉक्टर घड्याळ बघत होते. "सतरा सेकंद," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मान वर करून मामांकडे नीट बघितलं.

मग बाईंनी नाक चिमटीत धरायला लावून श्वास रोखायला सांगितला. सव्वीस सेकंद. मग गळ्याच्या खोबणीत स्टेथोस्कोप ठेवून, भरलेला सगळा श्वास तोंड उघडं ठेवून जोरानं बाहेर टाकायला लावला. आवाज कधी थांबतो ते त्या ऐकत होत्या. सहा सेकंदांच्या वर गेला तर नळ्या अरुंद झाल्या असं धरायचं. "साडेपाच," त्या म्हणाल्या. "शेवटाला रेंगाळतोय. विडी?"

"कधीच नाही. धूळच पुरते."

"खोका."

मामा खोकले. कोरडा, मोकळा खोकला, एकदाच. काही लोक एकदा खोकायला सांगितलं की पाच मिनिटं खोकत राहतात. तसं नाही झालं.

आता काडी. बाईंनी स्वतः पेटवली आणि मामांच्या तोंडासमोर एक वीतभर अंतरावर धरली. मामांनी ओठांचा चंबू केला आणि फू. काडी तर विझलीच, बाईंच्या कपाळावरची बटही उडाली.

"असं नाही. ओठ आवळून कुणीही विझवेल. धान्यातली फोलपटं उडवता तसं नाही करायचं. तोंड आ करून, ओठ न मिटता हवा सोडायची. मान पुढे आणायची नाही."

"बरं," मामा म्हणाले. मग त्यांनी बाईंच्या पसरलेल्या पंजाकडे निरखून बघितलं. "पण डॉक्टरीणबाई, ही वीत कमी भरते."

"काय?"

"तुमचा हात लहान आहे. वीत बोटभर तरी उणी आहे. सिस्टरची घ्या, त्यांची पुरी भरेल."

नवे डॉक्टर खोकले. मी हात पुढे करू की नको असं झालं. ज्याचं ऑपरेशन त्या काडीवर अडलेलं, तोच काडी लांब धरा म्हणून सांगत होता. मामींनी कपाळाला हात लावला. "यांना कुठे काय बोलावं कळत नाही," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर असंच."

बाईंनी माझा पंजा धरला, मामांच्या ओठांपासून माझी वीत मोजली आणि तिच्या टोकाला नवी काडी धरली. मामांनी आ केला, हवा सोडली. ज्योत आडवी झाली, थरथरली आणि पुन्हा उभी राहिली. दुसऱ्यांदाही तसंच झालं. मामांचा चेहरा पडला. त्या मिनिटाला मलाही जरा वाटलं की जिन्यावर मी फार विसंबले. पण मी तिथून हलले नाही. बाईंनी तिसरी काडी चार बोटं अलीकडे आणून धरली. ती मामांच्या पहिल्याच श्वासाला पटकन विझली.

"लांबून नाही, जवळून होते," बाई म्हणाल्या. त्या मामांशी नाही, नव्या डॉक्टरांशी बोलत होत्या. "आता सांगा. काय दिसलं तुम्हाला?"

नवे डॉक्टर विझलेल्या काडीकडे बघत होते. मग सावकाश बोलले. "हवा भरपूर आहे. बाहेर जायची वाट थोडी अरुंद आहे. धुळीनं. पूर्ण झोपवलं तर नंतर कफ अडकेल. पण कमजोर नाही."

"मग?"

"कमरेत सुई देता येईल. खालचं अंग बधिर. श्वास त्यांचा त्यांनाच घेऊ द्यायचा."

"मग लिहा," बाई म्हणाल्या. "सगळे रकाने भरा. रेघा मारायच्या नाहीत." त्यांनी यादी मागवली. लाल रेघेवर पुन्हा नाव लिहिता येईना, म्हणून सगळ्यात वर, पहिल्या क्रमांकाच्याही वर, जागा होती तिथे लिहिलं. मग मामांकडे वळल्या. "संध्याकाळपर्यंत दर तासाला दहा मोठे श्वास. मोजून. एकेकदाच."

"प्रयत्न करतो," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्यांना आत नेलं. मामी जिन्याच्या तोंडाशी माझ्या टेबलाजवळ उभ्या राहिल्या. बाक दाखवला तरी बसेनात. तासाभरानं नवे डॉक्टर मास्क गळ्यात ओढत बाहेर आले, सरळ आमच्याकडे.

"आतड्याचा एक वेढा रात्रीतून पुन्हा अडकत चालला होता," ते म्हणाले. "काळवंडायला लागला होता. मोठ्या डॉक्टरांनी सोडवला, गरम पाण्यात भिजवलेले कपडे ठेवून दहा मिनिटं वाट बघितली. रंग परत आला. कापावं लागलं नाही. ते म्हणाले, आजचा दिवस थांबलो असतो तरी कापावं लागलं असतं. तीन आठवडे तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "आता टाके घालतायत."

मामींनी सगळं ऐकून घेतलं. आतड्याचा रंग त्यांना कितपत कळला कुणास ठाऊक.

"ते जागे आहेत का?" त्यांनी विचारलं.

"जागे आहेत."

"बोलतायत?"

"अखंड," नवे डॉक्टर म्हणाले. "भूल देणाऱ्या मॅडमना धान्य कसं निवडावं ते सांगतायत. मॅडमनी दोनदा गप्प बसायला सांगितलं."

"आणि?"

"मग त्यांनी चष्मा पुसला."

मामींना त्याचा अर्थ ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण त्या बाकावर बसल्या, वळकटी मांडीवर घेतली आणि दोरीची गाठ सोडू लागल्या.

"मग बोलू देत," त्या म्हणाल्या.